एक तांब्या राहिला

"तांब्या दाखवा आधी."

कुणाच्याही दारात उभे राहिले की पाळकसाहेबांचं पहिलं वाक्य हे असायचं. नमस्कार नाही, पाऊसपाण्याची चौकशी नाही. पायरीखाली वहाणा काढायच्या, खांद्यावरची खाकी पिशवी छातीशी धरायची, किंचित वाकायचं आणि घरातल्या बाईला म्हणायचं, "तांब्या दाखवा आधी." नवख्या बाईला वाटायचं, गृहस्थ उन्हातनं आलाय, तहानलेला दिसतोय. ती पाणी घेऊन आली की ते म्हणायचे, "पाणी ठेवा आत. मोकळा तांब्या आणा." मग तो उलटा करून त्याचं बूड निरखत बसायचे.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा विक्षिप्त माणूस असेल, आणि तुम्ही त्याला हसलाही असाल. आमच्या पेठेतली माणसं पाळकसाहेबांना हसायची. मी हसत नसे, कारण ही सवय त्यांना लागली त्या दिवशी मी शेजारीच उभा होतो, काखेत मेणकापडावरचं चित्र घेऊन. ते चित्र मी काढलं होतं.

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. साठ सालानंतरचे ते दिवस. एकदा मधल्या सुट्टीत एक गृहस्थ शाळेत आले. पांढरा सदरा, वर करडा कोट, काखेत छत्री. चाळिशी उलटलेली. म्हणाले, "मास्तर, तुम्ही माशी काढता का?"

मला तेव्हा माझ्या हाताचा फार गर्व होता. मी म्हटलं, "मी पोर्ट्रेट काढतो."

"मग माशीचं पोर्ट्रेट काढा," ते म्हणाले. "तोंडावरचे भाव चांगले आले पाहिजेत बघा. बाई बघून घाबरली पाहिजे."

अशी माझी आणि पाळकसाहेबांची ओळख झाली. रविवारी ते देवळात उपदेश करायचे. ते चर्चला देऊळच म्हणायचे. आठवड्यातले दोन दिवस मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगच्या मुलींना बायबल आणि आरोग्य हे दोन्ही विषय शिकवायचे. उरलेले दिवस एस.टी.नं खेडोपाडी. पिशवीत बायबल, साबणाची वडी आणि एक मोठा पितळी तांब्या. पारावर बायका जमवून खरूज, जंत, नारू, बाळंतिणीची खोली, हात कसे धुवायचे, असलं काय काय सांगायचे. "प्रार्थना करू की," म्हणायचे, "पण डोळे मिटायच्या आधी हात धुवा. देवाला घाई न्हाय."

त्यांच्यावर दोन्हीकडचे नाराज असत. गावातली काही माणसं म्हणायची, पाद्री साबण दाखवतोय, उद्या पोरं बाटवील. आणि त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतले काही म्हणायचे, इतकी वर्षं हिंडतो हा माणूस, एक तरी जण देवळात आणला का? त्यांचा कुठलाही उपदेश, बायबलातल्या उत्पत्तीपासून सुरू झाला तरी, शेवटी विहिरीच्या कठड्याशी येऊन थांबायचा. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, मेलेल्या लेकराला कुठला धर्म शिकवायचा?"

माझी चित्रं घेऊन ते हिंडत आणि आले की त्या चित्रांच्या तक्रारी सांगत. एकदा मी निरोगी बाळाचं चित्र काढून दिलं. गुटगुटीत, गालावर खळी, हौसेनं मागं जरा निळं आकाशही रंगवलं. आठ दिवसांनी ते चित्र घेऊन हजर. बाळाच्या कपाळावर हळदीकुंकू, पायापाशी तांदळाचे दाणे चिकटलेले.

"तुमचं बाळ लईच चांगलं झालंय," ते म्हणाले. "बायकांनी पाया पडून घेतलं. मी काय सांगतोय ते कोण ऐकंना. आता जरा शेंबडं काढा."

हसताना त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

आता त्या तांब्याचं सांगतो. पाळकसाहेबांच्या वडिलांनी मिशनमध्ये धर्म बदलला होता. देव बदलला तरी गावोगावचे लोक त्यांची जुनी जात काही विसरले नव्हते. शिकलेला माणूस म्हणून "या, बसा" म्हणत, पण बसायला अंगण, आणि पाणी द्यायची वेळ आली की घरातलं माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राही. म्हणून ते स्वतःचा तांब्या बरोबर नेत. ओढ्यावर किंवा नळावर भरून घेत. कुणी अवघडलेलं दिसलं की आपणच पिशवीतनं तांब्या काढून दाखवत, "माझं माझ्याजवळ हाय." कुणावर नाही म्हणायची पाळी येऊ द्यायची नाही, हा त्यांचा शिष्टाचार. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या घरचं भांडं मागितलं नव्हतं.

आणि आमच्या घरी? आमच्या घरी त्यांच्यासाठी कपबशी वेगळी होती. खिडकीत ठेवलेली, कान तुटका. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. ते मात्र येताना दारातच विचारत, "मास्तर, माझी कपबशी रिकामी हाय न्हवं?" आणि मी ही त्यांची थट्टा समजून हसत असे. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

पुढं हगवणीचं काम निघालं. पावसाळ्याच्या तोंडाला ओढ्याला गढूळ पाणी आलं की गावोगाव तान्ही पोरं हगवणीनं सुकून जायची. दवाखाना लांब, गाडी नाही. मग पाळकसाहेबांनी बायकांना एक सोपा उपाय शिकवायला सुरुवात केली. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ. चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. "गुळाला कोल्हापुरात काय तोटा?" म्हणायचे. बायकांकडनं घोकून घ्यायचे, शाळेतल्या पाढ्यासारखं. तांब्याभर, मूठभर, चिमूटभर.

त्याचं चित्र काढायला त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं, तांब्या कुठला काढू? त्यांनी पिशवीतला स्वतःचा काढून टेबलावर ठेवला. "ह्योच काढा. चांगला पोटदार काढा, लांबनं दिसला पाहिजे." मी तो मन लावून काढला. पितळेवरची चकाकी फार छान साधली होती.

गारगोटीच्या रस्त्यावर एस.टी. सोडून मैलभर चाललं की एक गाव लागतं. त्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. त्या गावात त्यांचा आधी एक वर्ग झाला होता. दुसऱ्या वर्गाला मी नवं चित्र घेऊन बरोबर गेलो. पारावर नेहमी वीसेक बायका असत. त्या दिवशी कुणी नव्हतं. एक म्हातारा काठी टेकत आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. आमच्याकडची माणसं साधं बोलतानाही भांडल्यासारखी बोलतात. हा म्हातारा हळू बोलला.

"पाद्री, तुमचं पाणी पाजलं. नातू गेला आमचा."

आठ महिन्यांचं पोर. दोन दिवस हगवण होती. म्हाताऱ्याची सून, सगुणा तिचं नाव, मागच्या वर्गाला सगळ्यांत पुढं बसली होती. तिनं सांगितल्याबरहुकूम पाणी केलं आणि दिवसभर पोराला पाजलं.

पाळकसाहेब म्हणाले, "मला त्यांच्याशी बोलू द्या."

म्हाताऱ्याच्या मागून घरी गेलो तेव्हा सगुणा ओट्यावर बसली होती. बावीस-तेवीसची असेल. शेजारी चार-पाच वर्षांची मुलगी, आईच्या पदराला धरून. त्यांनी अंगणातूनच विचारलं, "बाई, मीठ किती घातलं?" तिनं तीन बोटं जुळवून दाखवली. अगदी बरोबर. "पाणी?"

"तांब्याभर."

"आधी चाखून बघितलं हुतं का?"

"लेकराचं औषध उष्टं कसं करू?" ती म्हणाली.

 मग पाळकसाहेबांच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा बाहेर पडलं. "तुमचा तांब्या दाखवता?"

तिनं आतून तांब्या आणला. माहेरचा होता, लग्नातला, कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलेला. लहानसा, नाजूक. पाळकसाहेबांनी हात पुढं केला. म्हातारा मागून म्हणाला, "हात लावू नका." त्यांनी हात लगेच मागं घेतला.

"बरं. मग तुम्हीच ओता बाई," ते म्हणाले आणि त्यांनी आपला तांब्या अंगणात जमिनीवर ठेवला.

सगुणानं आपला तांब्या भरून त्यात ओतला. निम्मा झाला. तिनं पुन्हा भरला, पुन्हा ओतला. तेव्हा तो काठोकाठ भरला आणि थोडं पाणी खाली सांडलं.

कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या निम्म्या पाण्यात त्यांच्या पुऱ्या तांब्याचं मीठ पडलं होतं, सुकलेल्या तान्ह्याला न सोसणारं. तिनं एकदा त्या तांब्याकडं बघितलं, एकदा हातातल्या.

"म्हंजे मीच मारलं व्हय माझं लेकरू?"

"न्हाय," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही सांगितल्यासारखं केलं. चूक माझी हाय. मी तुमचा तांब्या कधी बघितलाच न्हाय."

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी चित्र गुंडाळून काखेत घट्ट धरलं होतं. त्यावरचा पोटदार तांब्या कुणाला दिसू नये एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. दोन दिवस हगवण झालेलं पोर, कदाचित तसंही वाचलं नसतं. पाळकसाहेब मला म्हणाले, "कदाचित म्हणाले. नक्की म्हणाले असते तर बरं झालं असतं."

त्या रविवारी ते मला म्हणाले, "मास्तर, आज देवळात या." मी शेवटच्या बाकावर बसलो. उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली, आडपडदा न ठेवता. "मी माझ्या भांड्यानं जगाला मापलं," असं म्हणाले आणि खाली बसले. त्यांना गाणं सांगायचंही सुचलं नाही. पेटीवाल्यानं आपल्या मनानंच एक सुरू केलं. बाहेर आल्यावर मंडळीतल्या मोठ्या माणसांनी त्यांना घेरलं. हे दवाखान्यात बोलायचं, उपदेशात कशाला? आधीच लोक आपल्याला नावं ठेवतात. पाळकसाहेब म्हणाले, "पाप इथंच सांगायचं असतं असं मीच तुम्हाला शिकवलंय की."

मी घरी आलो आणि खिडकीतली कपबशी उचलून मांडणीत, आमच्या कपांत ठेवली. आईनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी कपबशी परत खिडकीत होती. मी ती पुन्हा आत ठेवायला हवी होती, पण ठेवली नाही.

त्यानंतर पाळकसाहेबांनी जे केलं, ते कामाचं म्हणून सांगितलं तर चार ओळींचं आहे. ज्या ज्या गावात त्यांनी तो उपाय शिकवला होता तिथं ते परत गेले, घरोघर. तांब्या मागायचा, आपल्या तांब्यात ओतून मापायचा. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून एक पोलादी खिळा आणि चिमुकली हातोडी घेतली होती, तिनं बुडाला ठिपके मारायचे. एक ठिपका म्हणजे एका तांब्याला एक चिमूट. दोन ठिपके म्हणजे असले दोन तांबे पाणी, तेव्हा एक चिमूट. आणि प्रत्येक बाईला बजावायचे, "आधी तुम्ही चाखा. उष्टं होत न्हाय. आईचं कधी उष्टं नसतं."

पण विचार करा, ज्या माणसानं जन्मभर कुणाच्या भांड्याला हात लावला नव्हता, तो आता दारोदार भांडी मागत होता. माणसं काय वाटेल ते बोलली. एका म्हातारीनं तर आरडाओरडा केला, "बाटवशील की रं माझा तांब्या!"

"चिंचेनं घासा आजी," ते म्हणाले. "मी गेल्यावर चांगला घासून घ्या. पण आधी मापू द्या."

तिनं त्यांच्यादेखत तीनदा घासला. ते पायरीशी उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "ठिपका जात न्हाय न्हवं? मग झालं." मला रडू फुटायची वेळ आली होती. त्यांचे मात्र खांदे हलत होते.

सगुणाच्या गावात पहिल्या वर्षी दहा-बारा घरांनी तांबे दिले. तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांनी. तो म्हातारा वारला, त्याच्या भावकीनंही दिले. तिचं घर तेवढं राहिलं. दर वर्षी पाळकसाहेब तिच्या अंगणात उभे राहायचे. "सगुणाबाई, तांब्या दाखवता?" ती कधी आत निघून जायची, कधी हातातलं काम करत राहायची, जणू अंगणात कुणी नाहीच. ते पाच मिनिटं थांबायचे आणि वहाणा घालून निघायचे. तिच्यापाशी त्यांनी कधी क्षमेचा शब्द काढला नाही, प्रार्थना नाही, देवाचं नाव नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "पुरे की आता. तिला त्रास कशाला देता?"

"त्रास नको म्हणूनच पाच मिनिटं थांबतो," ते म्हणाले.

निवृत्त झाले तरी हिंडणं थांबलं नाही. कोट विरला, छत्रीच्या काड्या मोडल्या. माझ्याकडं आले की खुर्चीत बसायच्या आधी म्हणायचे, "एक राहिला, मास्तर." आमची आई गेल्यावर मी त्यांना घरच्या कपातून चहा देऊ लागलो होतो. पहिल्या दिवशी त्यांनी कप हातात फिरवून बघितला, म्हणाले, "ह्याला कान हाय की!" आणि चहा प्यायले. एवढंच.

मग छातीचं दुखणं निघालं. मिशनच्या आवारातल्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीशी पलंग होता. मी रोज जायचो. शेवटी शेवटी बोलवत नव्हतं. एक दिवस नुसतं एक बोट वर केलं. मी म्हटलं, "हो, एक राहिला. माहीत आहे." त्यांनी मान हलवली. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "तिनं बोलावलं तरच जा. आपणहून जाऊ नका."

दोन दिवसांनी ते गेले. दफनाला गारगोटीकडच्या, पन्हाळ्याकडच्या कितीतरी बायका आल्या होत्या. मूठमाती देऊन त्या रांगेनं एस.टी. स्टँडकडं चालू लागल्या. त्यांत सगुणा असेल म्हणून मी तोंडं निरखत होतो. ती नव्हती. तेव्हा मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू? महिन्याभरानं त्यांच्या बायकोनं ती खाकी पिशवी माझ्याकडं आणून दिली. तांब्या, खिळा, हातोडी. बायबल तिनं ठेवून घेतलं होतं.

त्यानंतर वर्ष झालं असेल. शाळेला सुट्टी होती. दारात एक बाई उभी. केस पांढरट झालेले, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही.

"मिशनात जाऊन आलो," ती म्हणाली. "सायेब गेलं म्हंत्यात. मला ठावं नव्हतं. मास्तरांकडं जा म्हणाल्या त्यांच्या बाई."

मी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्याशीच बसली आणि पिशवीतून तांब्या काढून तिनं समोर ठेवला. कडेला ठिपक्यांनी घातलेलं नाव झिजलं होतं. सगुणा.

"लेक बाळंतपणाला आलीया," ती म्हणाली. "पोरगा झालाय. काल त्याला जरा हगवण लागली, तर ती म्हणती, आई, तांब्याला ठिपकं कुठं हाईत? सगळ्यांच्या हाईत. मी काय सांगू तिला?" ती थांबली. "बारा वर्सं दारात आलं ते. द्यायला पायजे हुता मी."

  मी आतून ती खाकी पिशवी आणली आणि पाळकसाहेबांचा तांब्या जमिनीवर ठेवला. त्याच्याकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. मग आपणच उठली, आपला तांब्या मोरीतल्या नळावर भरला आणि त्यात ओतला. निम्मा. परत भरला, परत ओतला. काठोकाठ.

मी खिळा लावला. माझा हात ब्रशचा, हातोडीचा नाही. पहिला ठिपका बरा पडला, दुसरा मारताना खिळा घसरला आणि तो वाकडा गेला. मी म्हटलं, "जरा चुकला."

तिनं त्यावरून अंगठा फिरवला. "असू द्या. दोन हाईत न्हवं?"

"दोन आहेत."

तिनं तांब्या पुसून पिशवीत ठेवला. जायला वळली, आणि पुन्हा खाली बसली. पाळकसाहेबांचा तांब्या तसाच काठोकाठ भरलेला होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. आमच्याकडं तांब्याला कुणी तोंड लावत नाही, वरून ओतून पितात. तिनं त्याला तोंड लावलं आणि घोट घोट घेत पाणी प्यायली. पाणी हनुवटीवरून खाली ओघळत होतं, पण ती थांबली नाही.

ते बघायला पाळकसाहेब हवे होते. तिथं मी होतो.